डाव्या हाताच्या मुंग्या

साळूबाईनं दीड महिना कोणाला काही सांगितलं नाही. सकाळी स्वयंपाकघरात वावरताना डाव्या हाताला अचानक मुंग्या यायच्या, कोपरापर्यंत झिणझिण व्हायची आणि जायची. तिच्या आईचं अस्संच सुरू झालं होतं. दौलताबादेला, ऐन कांदे काढणीत, आईच्या डाव्या हाताला आधी मुंग्या आल्या, मग हात लुळा पडला, मग अर्धं अंग गेलं. तीन वर्षं ती खाटेवर होती. तिचं सगळं साळूबाईनंच केलेलं, त्यामुळं पुढं काय काय वाढून ठेवलंय ते तिला पक्कं ठाऊक होतं.

मरणाचं तिला एवढं वाटत नव्हतं. सुनेच्या हातून घास भरवून घ्यायचा, याची मात्र धास्ती होती. म्हणून तिनं गुपचूप तयारी चालवली. लुगड्यांतली चांगली वेगळी काढली. नवऱ्याला, कडूबाला, चहा करायला शिकवायला घेतलं. "या वयात मला कामून शिकवती?" म्हणत तो साखर जास्त घालायचा, आणि ती पुन्हा पहिल्यापासून सांगायची.

गारखेड्यातलं हे घर पोरानं, रामकिसननं, जुनंच विकत घेतलं होतं. स्वयंपाकघरात एक दिव्याचं बटण, बाकी काही नाही. फ्रिज आणि मिक्सरसाठी बाहेरच्या खोलीतून दारातून वायर ओढलेली. येता-जाता प्रत्येकजण तिला अडखळायचा. एका रविवारी कंपनीला सुट्टी होती म्हणून रामकिसननं सांडू वायरमनला बोलावलं. स्वयंपाकघरात तीन नवे पॉइंट काढायचे होते.

सांडू औरंगपुऱ्यातून सामान घेऊन आला. आधी जिथून लाइन पुढं न्यायची तो बाहेरच्या खोलीतला बोर्ड त्यानं उघडला आणि आत बघतच राहिला.

"दादा, हे कुणाचं काम?"

"घर घेतलं तवापासून असंच हाये. का?"

"अर्थिंगच नाय. हिरवी वायर नुसती कापून मागं दुमडून ठेवलीय."

तो उठला, फ्रिजजवळ गेला आणि दाराच्या पत्र्याला टेस्टर टेकवला. टेस्टरातला दिवा लाल पेटला. सांडूनं धावत जाऊन प्लग उपटला.

"याला हात लावल्यावर कुणाला झटका बसतो का? झिणझिण?"

"नाय बा," रामकिसन म्हणाला. सूनही नाही म्हणाली. सांडूनं खाली पाहिलं. दोघांच्या पायांत रबरी चपला होत्या. उंबऱ्यात साळूबाई उभी होती, अनवाणी. देव्हारा आत असल्यामुळं ती तिथं कधी चप्पल घालत नसे.

"मावशी, तुमाला?"

साळूबाईनं डावा हात उजव्या हातात धरला. "डाव्या हाताला मुंग्या येतेत," ती कशीबशी म्हणाली. "पर डाव्यालाच कामून?"

"फ्रिज कोणत्या हातानं उघडता?"

तिनं आठवून पाहिलं. उजव्या हातात दुधाचं पातेलं असायचं. आणि सकाळी फरशी तर नुकतीच पुसलेली, ओली.

"मंग माझ्या हाताला काय झालं नाय?"

"हाताला कशाचं काय! करंट गळतोय फ्रिजातून. थोडक्यात वाचलात मावशी."

साळूबाई तिथंच खाली बसली. आधी हसली, मग पदर तोंडाला लावून रडायला लागली, आणि रडता रडता आईचं सगळं सांगून टाकलं. रामकिसन चिडला. "दीड महिना मनात ठिवून बसलीस? एवढा मोठा दवाखाना हाये शहरात!" कडूबा मात्र चिडला नाही. "म्हून मला च्या शिकवत व्हती व्हय," तो एवढंच म्हणाला आणि तिच्याशेजारी फरशीवर बसला.

पॉइंट राहिले बाजूला. सांडूनं अर्थिंगसाठी परसात खड्डा घेतला, तांब्याची पट्टी उतरवली, वर कोळसा आणि मीठ भरून पाणी सोडलं. हिरवी वायर तिथून थेट स्वयंपाकघरापर्यंत आणली. करंट गळाला तर आपोआप बंद होणारं बटणही बसवलं. संध्याकाळी रामकिसननं आईला दवाखान्यात नेलंच. डॉक्टरांनी रक्तदाब, साखर, हातापायांतला जोर, सगळं तपासलं आणि काही नाही म्हणून घरी पाठवलं.

दुसऱ्या दिवशी फ्रिजवाल्यानं येऊन आतली खराब वायर बदलली. सांडूनं आधी फ्रिजचा नवा पॉइंट काढला, त्यात प्लग घातला, पत्र्याला टेस्टर लावला. दिवा पेटला नाही.

"लावा आता हात."

साळूबाईनं डावा हात पुढं केला. एकदा मागं घेतला. मग अख्खा तळवा दारावर ठेवला. पत्रा गार लागला, बस. ती तशीच उभी राहिली.

मिक्सरच्या पॉइंटसाठी सांडूनं भिंतीवर छिन्नी धरली आणि ठोकायला सुरुवात केली. सगळं घर दणाणलं, भांडी मांडणीवर थरथरली. पॉइंट ओट्यापासून किती वर घ्यायचा ते सासूला विचारायला सून बाहेर आली, तर साळूबाई खाटेवर एका अंगावर गाढ झोपली होती. सून हाक मारणार, तेवढ्यात कडूबानं हातानंच तिला थांबवलं.

"तुझ्या मनानं सांग त्याला," तो म्हणाला. "तिला झोपू दे."