रजिस्टरात नसलेलं नाव

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण माझ्यासाठीच केलेली असावी. धाकट्या भावाला कोंबड्यांच्या धंद्यात मीच आणलं. शेडमध्ये जाताना चप्पल बदल, हात धू, दुसऱ्याच्या शेडमधून आलेल्याला आत घेऊ नकोस, हे मी त्याच्या डोक्यात इतकं भरलं की भावजय मला ‘इन्स्पेक्टरीणबाई’ म्हणायची.

त्या मंगळवारी माझ्याच शेडमध्ये चार-पाच कोंबड्या मान ताणून, चोच उघडी ठेवून श्वास घेत होत्या. एकीने मान झटकली आणि जाळीवर रक्ताचे शिंतोडे उडाले. वीस वर्षं या धंद्यात काढल्यावर हा श्वासाचा साथीचा रोग आहे, हे मला कुणी सांगायला नको होतं. तरी मी मनाला म्हटलं, धूळ असेल. डॉक्टरांना कळवलं असतं तर सगळीकडे बोभाटा झाला असता, की बघा, इन्स्पेक्टरीणबाईंच्याच घरी रोग. मी त्या बोभाट्याला भ्यायले. खरं कारण एवढंच.

दुसऱ्या दिवशी भावाकडे नेहमीची, वेगळ्या रोगाची लस होती. एकेक पक्षी धरून डोळ्यात थेंब टाकायचा, आणि माणसं कमी. न जाण्याचं कारण काय सांगणार? गेले. चप्पल बदलली, हात धुतले. कपडे मात्र तेच, सकाळी माझ्या शेडमध्ये घातलेले. दिवसभरात हजारभर पक्षी मी पोटाशी धरले.

त्यानंतर नवव्या दिवशी भावाच्या दोन शेडपैकी पहिली घरघरायला लागली. डॉक्टर आले, आणि भावाने मलाही बोलावून घेतलं. गुन्हेगार त्याने आधीच ठरवला होता, खाद्याच्या गाडीचा ड्रायव्हर. तो बिचारा फाटकाशी उभा होता.

“मी गाडीतून खालीसुद्धा उतरत नाही हो,” तो सारखं सांगत होता.

“चोराच्या उलट्या बोंबा,” भावजय म्हणाली. माझी मान वर होईना.

“भांडू नका,” डॉक्टर म्हणाले. “गाडी दोन्ही शेडपाशी जाते. तिच्यातून आला असेल तर रोग दोन्हीकडे पोचला, मग लस देऊन उपयोग नाही. पण कुणाच्या अंगावरून एकाच शेडमध्ये आला असेल, तर दुसरी आजच या रोगाची लस देऊन वाचवता येईल.” त्यांनी भेटीचं रजिस्टर चाळलं आणि माझ्याकडे बघितलं. “लसीच्या दिवशी या नव्हत्या?”

“होती की. पण ताईचं नाव काय लिहायचं?” भाऊ म्हणाला. “ती काय परकी आहे?”

गप्प बसले असते तर कुणाला कळलंही नसतं. पण दुसऱ्या शेडमधले सहा हजार पक्षी त्या गप्प बसण्याने गेले असते.

“माझ्याकडून आलाय,” मी म्हटलं. “मी फक्त पहिल्या शेडमध्ये गेले होते. दुसरीत पाऊल टाकलं नाही.”

“तुला माहीत होतं?” भावाने विचारलं.

“आदल्या दिवसापासून.”

भावजयीने तोंडावर हात ठेवला. भाऊ ड्रायव्हरकडे गेला, हात जोडून काहीतरी बोलला. मग परत येऊन डॉक्टरांना म्हणाला, “दुसऱ्या शेडला आजच लस देऊ. किती माणसं लागतील?”

“दहा तरी.”

सवयीने मी बाह्या वर सारल्या.

“तू नको,” भाऊ म्हणाला. आवाजात राग नव्हता. तेवढा तरी असायला हवा होता.