नेमकं उत्तर

वखारवाले शाळेत आले तेव्हा मास्तरांचा चौथीचा वर्ग नुकताच सुटला होता. बसायला दुसरं काही नव्हतं, म्हणून तो जाडजूड माणूस मुलांच्या बाकावरच बसला, गुडघे हनुवटीला टेकवून. लाकडाच्या धंद्यातून वर येऊन त्यांनी अख्खी नगरपालिका खिशात घातली होती, पण नदीकाठच्या गल्लीत त्यांची डाळ शिजत नव्हती. रस्ता रुंद करायचा तर ती गल्ली उठायला हवी होती, आणि गल्लीतले लोक हटून बसले होते.

"मास्तर, तुम्ही निवडणुकीला उभे राहा," ते म्हणाले. "तिथली निम्मी माणसं तुमच्या हाताखालून गेलीत. त्यांना पक्की घरं मिळवून देणारा कोणीतरी सभागृहात नको का?"

मास्तरांना खुशामत कळत नव्हती असं नाही. पण जन्मभर खडूची धूळ खाल्लेल्या माणसासमोर कोणी सभागृह म्हटलं की कान टवकारतातच. शिवाय त्यांची धाकटी बहीण त्याच गल्लीत राहत होती, आणि दर वर्षी तिच्या घरात गटाराचं पाणी शिरायचं. घरी बायको म्हणाली, "गॅसवरचं दूध उतू गेलेलं कळत नाही तुम्हाला, आणि म्हणे शहर सांभाळणार!" मास्तर हसले आणि दुसऱ्या दिवशी शाळेत राजीनामा देऊन आले.

प्रचारात वखारवाल्यांनी एकच गोष्ट बजावली होती. घरांचं विचारलं की 'लवकरच' म्हणायचं. मास्तरांच्या हे अगदी जिवावर आलं. मोघम उत्तर देणाऱ्या पोराला त्यांनी आजवर खाली बसू दिलं नव्हतं.

गल्लीतल्या सभेत नेमकी बहीणच उठली. पन्नाशी उलटली तरी तिला सगळे बेबीच म्हणत. शेजारी तिचा नवरा बसला होता. तो शिंपी, गळ्यातली टेप काढायचं भान त्याला कधीच नसे.

"दादा, भाषण झकास झालं," बेबी म्हणाली. "पण आम्ही घरं सोडली तर नवी कधी मिळणार, तेवढं सांग."

"लवकरच," मास्तर म्हणाले, आणि त्यांची त्यांनाच लाज वाटली.

"म्हणजे कधी?"

लोक हसले. मास्तरांनी मागे बसलेल्या वखारवाल्यांकडे वळून हळूच विचारलं, "वर्षभरात?" त्यांच्या कानाला फोन होता. त्यांनी मान हलवली.

"वर्षभरात!" मास्तर खणखणीत आवाजात म्हणाले. "मी सांगतोय."

मास्तर दणदणीत मतांनी निवडून आले, आणि गल्ली उठली. एक दगड भिरकावला गेला नाही, की कोणी यंत्रासमोर आडवं पडलं नाही. लोकांनी आपापलं बिऱ्हाड गुपचूप टेम्पोत चढवलं. पालिकेचा इंजिनिअर म्हणाला, "इतकं शांत काम मी अख्ख्या नोकरीत पाहिलं नाही, सर." तेव्हा मास्तरांची छाती फुगली होती. पुढे ती आठवण झाली की त्यांना स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटे.

गल्लीवाल्यांना शहराबाहेर, कचरा डेपोच्या मागे, पत्र्याच्या खोल्या मिळाल्या. तात्पुरत्या, असं सगळेच म्हणत होते. दिवसरात्र कचऱ्याचा धूर यायचा. शिंप्याचं गिऱ्हाईक तिकडे फिरकेना, तरी तो मशीनला तेल घालून वाट बघत बसायचा. खोकला त्याची पाठ सोडेना. वर्ष सरलं, आणि पुढच्या उन्हाळ्यात, पत्रा तव्यासारखा तापलेला असताना, तो मशीनवर बसल्या बसल्याच गेला. बेबी मास्तरांच्या गळ्यात पडून रडली. एका शब्दानेही तिने त्यांना दोष दिला नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी सभागृहात विषय आला. घरांसाठी राखलेली नदीपलीकडची जमीन आता ट्रकतळाला द्यायची होती. मास्तर ताडकन उठले.

"तिथे गल्लीवाल्यांची घरं व्हायची आहेत. वर्षभरात देऊ असं आपण सांगितलं होतं."

"आपण नाही, मास्तर. तुम्ही," वखारवाले म्हणाले. त्यांनी आवाजही चढवला नाही. "पालिकेने कुठल्याच ठरावात मुदत दिलेली नाही."

"मी तुम्हाला विचारलं होतं. तुम्ही मान हलवलीत!"

"मी फोनवर बोलत होतो हो."

सभागृहात हशा पिकला. मग हात वर झाले. विरोधात मास्तरांचा एकट्याचा होता.

बाहेर व्हरांड्यात वखारवाल्यांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "रागावू नका. त्या दिवशी तुम्ही मुदत सांगितलीत म्हणून तर गल्ली हलली. मी कशाला अडवू? आता खरं सांगायचं असेल तर खुशाल सांगा. लोक मला काही म्हणणार नाहीत. माझ्यावर त्यांचा विश्वास होताच कुठे?"

मास्तर तडक पत्र्याच्या खोल्यांकडे निघाले. सगळं सांगून टाकायचं, बेबीचे पाय धरायचे, आणि लोकांना घेऊन पालिकेच्या दारात ठाण मांडायचं. वाटेत त्यांनी मनाशी वाक्यं जुळवली.

बेबीच्या खोलीत भांडण पेटलं होतं. "तुझ्या भावाने आम्हाला देशोधडीला लावलं," शेजारीण तावातावाने बोलत होती. "खुर्ची मिळाली आणि विसरला!"

"जीभ आवर," बेबी म्हणाली. "जायच्या आदल्या दिवशी माझा नवरा म्हणाला, नव्या घरात मशीन खिडकीपाशी ठेव. त्याला खात्री होती. दादाला खोटं बोलता येत नाही. लहानपणी माझ्यासाठीसुद्धा कधी बोलला नाही, मार खाऊ द्यायचा मला."

दारात मास्तरांना पाहून शेजारीण चपापली, पण गेली नाही. आत, मशीनच्या मागे, पत्र्याला टेकून एक दार उभं होतं. बेबीने ते जुन्या घराच्या चौकटीतून काढून, गोणपाटात गुंडाळून आणलं होतं.

"बेबी, मला तुला एक..." मास्तर बोलू लागले.

"आधी पाणी पी. तोंड बघ कसं उतरलंय." तिने तांब्या पुढे केला. "आणि मला सांग, ते दार नव्या घराला लावायचंय मला. आत्ताच रंगवून ठेवू का?"

शेजारीण मास्तरांकडे टक लावून बघत होती. नवरा गेल्यापासून बेबी पहिल्यांदाच पुढच्या कशाबद्दल तरी बोलत होती. मास्तरांनी सगळं पाणी संपवलं, तांब्या खाली ठेवला.

"ठेव रंगवून," ते म्हणाले.

"कुठला रंग देऊ?"

"निळा दे," मास्तर म्हणाले. "तिथे खिडक्यांनाही निळाच असणार आहे."