काठाचा तुकडा

"मॅडम, या रिपोर्टवर सही करू नका," मी म्हणालो, तशी शेजारच्या टेबलावरच्या शकुने मागून माझा कोपर खेचला.

"दत्ताराम, तुला काय करायचंय रे? आपण तुकडे कापायचे, बस!"

एकतीस वर्षं तेच करतोय, बाई! मुलुंडच्या या लॅबमध्ये ऑपरेशनमधून आलेले तुकडे मेणात बसवायचे, केसाहून पातळ काप काढायचे, काचेवर चढवायचे. ते बघतात डॉक्टर. पण आमच्या डोळ्यांनाही कळतं की काही! पेशंट सोनूबाई कोळी, वय बावन्न, मोठ्या आतड्यात कॅन्सरची गाठ. गाठीचे मेणातले चार ठोकळे कापले. पण गाठीभोवतालची पिवळी चरबी एकातच, तीही नखाएवढी. बाकी सगळं गाठीच्या मधलं.

डॉक्टर स्वरदा नवीन, हुशार, पण घाईची. म्हणाली, "काका, आतड्याजवळच्या लसिका ग्रंथी साफ आहेत. कुठे पसरलेलं नाही. केमोसुद्धा लागणार नाही."

"गाठ कळली, मॅडम. तिचा शेजार कुठे बघितला? शेजाऱ्यांनी वाट दिली, तर ती उद्या पसरेल ना!"

तिचा चेहरा लाल झाला. म्हटलं, आता माझी वाट लागली. पण तिने हातमोजे चढवले, बरणीतलं आतडं काढलं आणि गाठीच्या काठाचे पाच तुकडे घेतले.

दुसऱ्या दिवशी मी ते कापले. एकाही कापाला सुरकुती नाही. अभिमान वाटला, लपवू कशाला?

स्वरदा बराच वेळ मायक्रोस्कोपवरून हलेना. "काका, काठावर पेशी सुट्या झाल्यात. भोवतालचं मांस सैल पडलंय, त्यातून चार-चार, पाच-पाच बाहेर निघाल्यात. केमोचा विचार करायलाच हवा."

माझं खरं ठरलं, पण आनंद कसला? बाहेर सोनूबाईची मुलगी विनिता पेढे घेऊन बसली होती. शकुने तिला आदल्या दिवशीच "सगळं ठीक आहे गं" सांगून टाकलं होतं.

स्वरदाने मला सोबत नेलं. सगळं समजावून ती म्हणाली, "यांनी पकडलं. वेळेत."

विनिता रडली. मग तिने माझे दोन्ही हात धरले. "आई बरी होईल ना, काका?"

"आता डॉक्टरांना पुरतं माहीत झालंय," मी म्हणालो.

औषधांच्या पाण्याने सोललेले ते हात मी एरवी खिशात ठेवतो. आज तिने सोडेपर्यंत तसेच राहू दिले.