सहा तोळ्यांचा शेठ

शेठच्या पोटावरची गाठ तुरीच्या दाण्याएवढी होती तोवर रत्नमालाने तिच्याकडे कानाडोळा केला. ती हरभऱ्याएवढी झाली आणि शेठ बसल्या बसल्या ती कुरतडायला लागला, तसा तिचा जीव खालीवर व्हायला लागला.

हा शेठ कोण, हे अनसिंग गावातल्या अर्ध्या लोकांना तिने समजावून सांगितलं होतं आणि उरलेल्या अर्ध्यांना सांगायचा तिला कंटाळा आला होता. शेठ म्हणजे जर्बिल. वाळवंटाकडचा प्राणी, उंदराच्याच कुळातला, पण रंगाने गव्हाळ, अंगाने जरा भरलेला आणि शेपटीच्या टोकाला केसांचा गोंडा. संघदीपने, तिच्या एकुलत्या एका लेकाने, पुण्याला शिकताना दुकानातून विकत आणलेला. "उंदीर इकत आणला?" असं त्याच्या बापाने, देवमनने, तेव्हा तीनदा विचारलं होतं, तिन्ही वेळा वेगळ्या सुरात. पुढे संघदीपला हैदराबादला नोकरी लागली. तिथल्या घरमालकाला जनावर चालेना, म्हणून काचेच्या पेटीसकट तो शेठला इथे ठेवून गेला. "आई, दोनच महिने," म्हणाला. त्या दोन महिन्यांना आता तिसरं वर्ष लागलं होतं.

शेठ हे नाव रत्नमालाने ठेवलेलं. पेटीजवळ कोणी आलं की तो मागच्या पायांवर उठून, पुढचे हात पोटावर ठेवून असा बघायचा, की गिऱ्हाईक आलंय खरं, पण घेणार काही नाही, हे त्याला आधीच कळलंय. रत्नमाला घरी ब्लाऊज शिवायची. पेटी मशीनला लागूनच. मशीन चालू झालं की तिकडे शेठ पुठ्ठा कुरतडायला बसायचा. दोघांचं काम सारखंच, फक्त त्याच्याकडे मापाची कटकट नव्हती.

संघदीपचा फोन रविवारी यायचा. जेवली का, बाबा काय करतात, बीपीची गोळी घेते ना, एवढं विचारून होईपर्यंत त्याचा आवाज बँकेतून बोलणाऱ्या माणसासारखा. मग तो म्हणायचा, "शेठ दाखव." आणि तिथून पुढे अर्धा तास तो लहान असताना हसायचा तसा हसायचा. गेल्या दिवाळीपासून तो घरी फिरकला नव्हता. शेठ गेला तर रविवारच्या फोनात काय उरेल, याचा विचार रत्नमालाने मशीनवर बसून कितीदा तरी केला होता. तो कोणाला बोलून दाखवण्यासारखा नव्हता.

गाठ दाखवायला ती शेठला बिस्किटाच्या डब्यात घालून, झाकणाला भोकं पाडून, जनावरांच्या दवाखान्यात घेऊन गेली. दारात लाकडी खोड्यात एक बैल अडकवलेला. बाकावर शेजारची भागिरथा बकरी घेऊन बसली होती.

"काय आणलं वं डब्यात? पिल्लू काय कोंबडीचं?"

"शेठ हाये."

"अवं माय! उंदराले दवाखान्यात?" भागिरथा इतकी हसली की बकरी दचकली. "मंग आमच्या घरचेबी पाठवू काय सगळे? लाईन लागीन वं बसस्टँडपरेंत!"

"पाठव. पण त्याईले सांग, नंबर माह्या शेठच्या मांगं."

डॉक्टर साताऱ्याकडचा तरुण मुलगा होता. त्याने मोबाईलची बॅटरी लावून शेठच्या पोटाकडे पाहिलं, मग मोबाईलमध्येच काहीतरी शोधलं, मग हताश होऊन रत्नमालाकडे पाहिलं.

"काकू, खरं सांगू का? मी बैलाच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून तपासतो. ह्याच्या पोटावर माझं बोट ठेवलं तर हा सगळा झाकला जातो."

"पण डॉक्टर तं तुमी जनावराईचेच ना?"

"हो, पण..." मग त्याने अकोल्याला लहान प्राणी बघणाऱ्या मित्राला फोटो पाठवला, फोन लावला, बराच वेळ 'हं, हं' केलं. शेवटी म्हणाला, "ह्यांना पोटावर एक ग्रंथी असते. म्हातारपणी तिथे गाठ होते. काढता येईल म्हणतोय. पण वय झालंय, भुलीतून उठेलच असं नाही. नाही काढली तर कुरतडून जखम चिघळेल. आठवडाभर चांगलं खायला घाला आणि आज, मग आठवड्याने वजन करा. टिकलं तर अकोल्याला न्या. घटलं तर तो म्हणतो, विचार करावा लागेल."

"मंग करा ना वजन."

"आमच्या काट्यावर हा बसला काय आणि माशी बसली काय. ग्रॅमचा फरक कळायला हवा काकू."

ग्रॅमचा फरक कळेल असा काटा गावात कोणाकडे, हे रत्नमालाला दवाखान्याची पायरी उतरता उतरताच सुचलं. ती सरळ जगदेव सोनाराच्या दुकानात गेली.

"हा? माह्या काट्यावर?" जगदेवने चष्मा कपाळावर सरकवला. "अन् मुतला तं?"

"मुतला तं पुसून देईन. मोत्यासारखं मुतते, तुमच्या काट्याले काही होत नाई."

झाकणाची स्टीलची डबी आधी रिकामी ठेवून काटा शून्यावर आणला. मग शेठला आत सोडलं. डबी थोडी थडथडली, आकडे नाचले, थांबले.

"सहा तोळे, वर दोन ग्रॅम," जगदेव सवयीने बोलून गेला. "मोडीवर धरतो तशी घट धरू का वहिनी?"

"सहा तोळे!" रत्नमालाला हसू आवरेना. "माह्या लग्नात दोन्हीकडचं मिळून एवढं नवतं वो भाऊ."

त्या आठवड्यात घरात शेठशिवाय दुसरा विषय राहिला नाही. सूर्यफुलाच्या बिया सोलून, उकडलेल्या अंड्याचा कण, गाजराचा कीस, बाजरीचं कणीस, जे जे तो पूर्वी पळवायचा ते ते रत्नमाला त्याच्यापुढे ठेवत होती आणि तो वास घेऊन तोंड फिरवत होता. आणि संघदीपचा फोन रोज यायला लागला. रोज! मंगळवारी, बुधवारी, ऑफिसातून, जेवता जेवता. पहिल्या दिवशी तिला इतकं बरं वाटलं, की फोन ठेवल्यावर ती ब्लाऊजची बाही उलटी जोडून बसली. मग पेटीत शेठ गाठ चाटत बसलेला दिसला आणि त्या बरं वाटण्याची तिला लाज वाटली.

"आई, ऑपरेशन करायचंच. खर्चाचं मी बघतो," संघदीप म्हणत होता.

"अन् उठला नाई तं?"

"उठेल गं. तू आधीच असं कायले बोलते?"

"मंग तू ये. संगं जाऊ अकोल्याले. मी एकटी डबा घेऊन गाडीत कशी बसू?"

"सुट्टी नाही ना आई. रिलीज आहे आमचं."

रिलीज म्हणजे काय, हे तिने विचारलं नाही. जे काही असेल ते त्याला सोडत नव्हतं, एवढं तिला कळलं.

देवमन या सगळ्यात नव्हताच. ग्रामपंचायतीच्या पाणीपुरवठ्यावरून रिटायर झाल्यापासून तो आणि त्याच्या तीन बकऱ्या, असा त्याचा संसार होता. जाता-येता पेटीत डोकावून तो फक्त "हं" म्हणायचा.

आठवड्याने ती परत जगदेवकडे गेली. डबी ठेवली, काटा शून्यावर आला, शेठ आत गेला. या वेळी डबी थडथडली नाही.

"पाच तोळे..." जगदेवने मान पुढे काढली. "पाच तोळे, पाच ग्रॅम."

"काटा बरोबर हाये ना भाऊ?"

जगदेवने वजनांच्या पेटीतून दहा ग्रॅमचं वजन काढून काट्यावर ठेवलं आणि तिला आकडा दाखवला. "काटा खरा हाये वहिनी."

घरी येऊन तिने पेटीतली वाळू बदलायला घेतली. वाळूत ओल होती आणि शेठच्या लेंड्या पातळ झालेल्या. असं का, म्हणून तिने कोपरा उकरला, तर पुठ्ठ्याखाली पिवळट-तपकिरी चुरा सापडला. तिने तो बोटावर घेऊन हुंगला. बकऱ्यांच्या पेंडीच्या घमेल्याला रोज येणारा वास.

"हे काय हाये वो?" ती परसात जाऊन उभी राहिली.

देवमनने बकरीच्या दाव्याकडे बघत सांगितलं, "ढेप."

"सरकीची?"

"चिमूटभर."

"कवापासून?"

"गुळाच्या पाण्यात भिजवून देत होतो," देवमन म्हणाला, जणू त्याने गुन्हा हलका होत होता. "डॉक्टर म्हणे वजन वाढवा. ढेपीवर बकरी पंधरा दिसात कशी भरते, पाह्यलं नाई काय तू?"

"तो बकरी हाये काय? पोट बिघडलं त्याचं! सात ग्रॅम गेले त्याचे, सात! सोनाराच्या काट्यावर!" तिचा आवाज शेजारी पोचला असणार, पण तिला पर्वा नव्हती. "मले विचारलं असतं तं जीभ झडली असती काय?"

"मले कोणी विचारलं?" देवमनही उसळला. "तू आंडे चारून राह्यली, तो पोरगा रोज फोनवर वजन विचारून राह्यला. मी घरात हावो का नाई, कोणाले मालूमच नाई. मलेबी वाटलं, करावं काही." मग एकदम आवाज खाली आणून, "हातावर बसून खाल्ली त्यानं. अंडं नाई खाल्लं तुह्यं, ढेप खाल्ली."

भांडावं तरी भांडण पुढे जाईना आणि सोडावं तर राग जाईना.

तिने डॉक्टरला फोन लावला. वजन ढेपीने घटलं की गाठीने, एवढंच तिला हवं होतं.

"आता ते कसं सांगणार काकू? ढेप बंद करा. अजून आठवडाभर बघा, नाही तर सरळ अकोल्याला घेऊन जा. तुम्ही ठरवा."

"तू पाह्य," देवमनने परसातूनच सांगितलं.

तुम्ही ठरवा, तू पाह्य. आणि ज्याला काय करायचं ते पक्कं ठाऊक होतं, तो हैदराबादेत. मशीनवर एका नवरीचे ब्लाऊज पडून होते, उद्या तिची आई दारात येऊन बसणार होती, आणि रत्नमाला पेटीसमोर मांडी घालून बसली होती, रागाने नुसती धुमसत. शेठने तिला पाहिलं. तो मागच्या पायांवर उठायला गेला, कलंडला, पुन्हा उठला, आणि एक हात काचेला टेकवून कसाबसा उभा राहिला.

वाशीमपर्यंत बस. तिथून अकोल्याची गाडी. डब्याच्या भोकांमधून येणारा धूर, गोंगाट, अनोळखी हात, सुई. आणि समजा उठलाच भुलीतून, तर टाके कुरतडू नयेत म्हणून अजून काहीतरी, मग पुन्हा वजन, पुन्हा फोन. अजून एक आठवडा. आणि त्याच्यापुढे अजून एक. तो अजून एक आठवडा आपल्याला किती गोड वाटतोय, हे तिच्या ध्यानात आलं आणि तिने पदराने तोंड पुसलं.

संघदीपचा फोन सात वाजता आला.

"वजन?"

"घटलं."

"मग उद्याच ने ना आई! मी त्या अकोल्याच्या डॉक्टरशी बोलतो."

"नाई नेत."

"म्हणजे?"

"चिरफाड नाई करायची. दुखू नये म्हणून मंगाशी जाऊन थेंब आणले या डॉक्टरकडून, त्याच्या वजनाच्या हिशोबानं. राहीन तेवढा राहीन. इथं, मशीनपाशी."

"असं एकटीनंच ठरवलं? आई, शेठ माझा आहे."

"तुहा होता तवा तू दोन महिन्यानं नेणार होता त्याले."

पलीकडे कोणीतरी इंग्रजीत काहीतरी विचारलं. संघदीपने त्याला थांब म्हटलं.

"पाहायचं असीन तं ये," रत्नमाला म्हणाली. आता थांबणं जमणार नव्हतं. "तो गेल्यावर तू मले फोन करशीन का नाई, मले मालूम नाई. लय दिस झाले, तेच घेऊन बसली होती मी. पण तुह्या फोनापायी मी त्याले कापत नाई."

"काय बोलते तू आई..." पलीकडे पुन्हा कोणीतरी हाक मारली. मग, "मीटिंग आहे. नंतर बोलतो."

फोन बंद झाला. चिडून बंद केला की रडू येत होतं म्हणून, हे तिला कळलं नाही. ते कळायलाही तिला आता पुन्हा फोनचीच वाट बघावी लागणार होती, आणि त्याचाच तिला सगळ्यात जास्त राग आला.

"देवमन!" ती ओरडली. लग्नाला इतकी वर्षं झाली, तिने त्याला नावाने हाक मारली नव्हती. तो बकऱ्या सोडून धावत आला.

"धरा याले. औषध द्यायचं हाये."

देवमनने शेठला मऊ फडक्यात घेतलं आणि सवयीने जबडा दाबायला गेला.

"जबडा नाई! बकरी नाई ती!"

"बरं, बरं."

ड्रॉपरचा पहिला थेंब फडक्यावर गेला. दुसरा शेठच्या नाकावर. तिसऱ्या वेळी तिने बोटाने त्याचं तोंड हळूच वर केलं, थेंब आत गेला, आणि शेठने त्याच बोटाला कडकडून चावा घेतला. रक्त आलं.

"दात तं शाबूत हायेत गड्याचे," देवमन म्हणाला. त्याच्या आवाजात उघड उघड कौतुक होतं.

तिने बोट तोंडात घातलं. औषध कडूजहर होतं.

"कडू हाये काय?" देवमनने विचारलं. "मंग उद्या थोडासा गूळ—"

"तुमी काही घालू नोका," ती म्हणाली. "नुसते धरा."