काळ्या मोटारीचा कौल

आमच्या अंगणात त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. दिवेआगरची अर्धी आळी पोफळींना टेकून उभी. म्हसळ्याहून टेम्पो भरून आलेली माणसं. दगडी गडग्यावर चढलेली पोरं. सगळ्यांच्या नजरा मधल्या काळ्या मोटारीवर. दारं बंद, काचा वर, आत कुणी नाही. आणि चावी माझ्या कमरेला.

पुढच्या चाकाशी बुवा मांडी घालून बसला होता. कपाळभर शेंदूर, हातात कड्यांचा लांब लोखंडी चिमटा. चिमटा खळखळत होता.

"दादू, वाऱ्यावर फिरतोस, खाडीवर निजतोस, आलायस का बाबा? आला असशील तर एक हाक दे."

कड्या थांबल्या. आणि मोटार ओरडली. लांबलचक, घोगरा आवाज, गळा दाबलेल्या जनावरासारखा. झाडावरचे कावळे उठले, बायांनी पदर तोंडाला लावले. माझा लेक हरेश्वर जमिनीवर आडवा झाला.

मी उभीच होते. माझ्या नवऱ्याला मी जन्मभर वाकून नमस्कार केला नाही, मेल्यावर मोटारीला कशाला करू?

मोटार आमच्या ह्यांची. मुंबईत एका पारशी शेठकडे ते ड्रायव्हर होते. शेठ गेला तेव्हा त्याच्या लेकींनी ती ह्यांना देऊन टाकली. माझ्या तोंडावरून कधी हात फिरवला नसेल एवढा ह्यांनी तिच्यावरून फडका फिरवला. मोठ्या वादळात तिच्या शेडवर पोफळ पडली, तिचं नाक चेपलं आणि भोंगा मुका झाला. गेल्या वर्षी ह्यांनी तो खोलायला घेतला. हात थरथरायचे, म्हणून सून प्राप्ती शेजारी बसली. तिनंच आतले गंजलेले पॉइंट घासले, स्क्रू आवळला, तार जोडली. भोंगा वाजला आणि त्याच आठवड्यात हे गेले. दम्यानं गेले. डॉक्टरानं आधीच सांगितलं होतं.

पण वर्षश्राद्धाला हरेश्वरनं बॅटरी चार्ज करून घेतली, मोटार ढकलत अंगणात आणली, तिला हार घातला. पिंड ठेवला तर कावळा शिवेना. माणसं ताटकळली आणि तेवढ्यात मोटार आपोआप बोंबलायला लागली. कुणीतरी बॉनेटवर बुक्की मारली तेव्हा गप्प झाली. झालं. दादू ड्रायव्हर परत आला ही बातमी संध्याकाळच्या आत दिघीच्या जेटीवर पोचली, आणि दुसऱ्या दिवशी तिथून हा बुवा आला.

आल्या आल्या त्यानं 'शुद्धी' केली. चारी बाजूंनी साड्या धरायला लावल्या आणि धुपाटणं घेऊन मोटारीखाली शिरला. बाहेर आला तेव्हा कोपरापर्यंत काळा होता. म्हणाला, "दादूनं मिठी मारली." लोक हात जोडून त्या काळ्या हाताच्या पाया पडले. मला ते ग्रीस वाटलं.

मग कौल सुरू झाला. हो असेल तर एक हाक, नसेल तर गप्प.

"दादू, तुझी वस्तू कुणी बाटवली? बाईमाणसानं हिच्यात हात घातला?"

हाक.

"ती बाई ह्याच घरातली हाय?"

हाक.

"पोटुशी हाय?"

हाक. प्राप्तीला सहावा महिना. सगळी तोंडं मोटारीवरून फिरून आमच्या माजघराच्या दाराकडे वळली. काल तिच्या हातचा चहा प्यायलेली तोंडं.

बुवानं आवाज खाली आणला. "तिच्या पोटात दादूचा कोप वाढतोय. खाडीपलीकडं माझ्या धुनीवर आणा. आज अमावस्या. पोटावर तापल्या सळईचा डाग दिला की मोकळी. न्हायतर ह्या घरातून दुसरं मयत निघेल. गाडी दारात हाय, शेवटची बोट धरायची हाय."

गेटाबाहेर जीप उभी होती, इंजिन चालू. आत दोन माणसं, एकही हसत नव्हतं.

हरेश्वर माझ्याजवळ आला. "आये, तिला पाठवायला होवी. बाबाच सांगतायत."

"तुझ्या बापानं हयातीत कोंबडीवर दगड उचलला न्हाय. आता तो नातवाला डागायला सांगतोय व्हय रे?"

"मेल्यावर मानूस बदलतो, काकू," मागून कुणीतरी म्हणालं.

"तू जित्तेपणी तरी बदल," मी म्हटलं आणि आत गेले.

प्राप्ती चुलीपाशी बसली होती. हरेश्वरनं भरून दिलेली पिशवी तिच्या पायाशी. दोन्ही हात पोटावर. ती रडत नव्हती, विचार करत होती.

"आई, ह्या मोटारीच्या भोंग्याला चावी लागत नाही," ती हळूच म्हणाली. "बॅटरीची वीज भोंग्यापर्यंत कायम पोचलेली असते. भोंग्यातून दुसरी तार निघून स्टिअरिंगच्या बटणाला जाते. बटण दाबलं की ती तार गाडीच्या लोखंडाला जोडली जाते आणि भोंगा वाजतो. बाबांनीच दाखवलंय."

"आणि बटण दाबलंच न्हाय तर?"

"तार उघडी असेल तर कुठंही लोखंडाला टेकली तरी वाजेल. नाहीतर मधे दुसरं लोखंड धरलं तरी."

माझ्या डोळ्यांपुढे चिमटा आला. कड्या वाजत तोवर मोटार गप्प. कड्या थांबल्या, चिमट्याचं टोक चाकामागं गेलं, की मोटार बोले. सगळं गाव आतल्या स्टिअरिंगकडे बघत होतं. चाकामागं कोण बघतोय?

"कपाटातला चोळीचा जाड खण काढ," मी म्हटलं. "कोरडा."

खण ताटात घेऊन, वर हळदकुंकू ठेवून मी बाहेर आले. "बुवा, चुकलंच. एवढा मोठा कौल चाललाय आणि तुमच्या हत्याराचा मान करायचा राहिला. आमच्या घरात पद्धत हाय, हत्याराला खण बांधल्याशिवाय कौल खरा न्हाय."

बुवाचा हात मागं गेला. पण लोक म्हणायला लागले, "घ्या बुवा, मान हाय तो. सोनाबाई सुखासुखी कुणाला मान देत न्हाय." ते मात्र खरं. चारचौघांत मान नाकारणार कसा? मी चिमट्याला टोकापासून वर घट्ट घड्या गुंडाळल्या, आणि सुपारीच्या गोणीला मारते तशी गाठ मारली.

"आता मीच विचारते. अहो, ऐकताय ना? सुनेला धुनीवर पाठवू?"

चिमटा चाकामागं गेला. शांत.

"पाठवू ना?"

चिमटा आत खुपसला, फिरवला. शांत. बुवाच्या शेंदरातून घाम उतरायला लागला.

"रुसला तो," बुवा म्हणाला.

"परक्याशी एवढं बोलले आणि बायकोनं विचारलं तर गप्प. सवय तीच हाय म्हणा."

कुणीतरी हसलं. भीतीला पहिली चीर पडली ती तिथं. बुवा गाठ सोडायला लागला तसं मी त्याचं मनगट धरलं. नारळ सोलून घट्ट झालेला हात माझा, सुटला नाही.

"हरेश्वर, चाकामागं हात घाल."

"आये, नको."

"बायकोची पिशवी भरताना हात चालला ना? घाल."

तो पालथा पडला. चाकामागून त्यानं लोंबती तार ओढून काढली. टोकाचं साल तासलेलं, तांबं चकचकीत, पीळ दिलेला. प्राप्ती दारात येऊन उभी राहिली होती. ती म्हणाली, "ते टोक मडगार्डच्या गंजलेल्या कडेला लावा."

त्यानं लावलं. मोटार ओरडली. काढलं, गप्प झाली. पुन्हा लावलं, पुन्हा ओरडली. कुणी थांब म्हणेना आणि तो थांबेना. तार लावत होता, काढत होता, आणि मातीत तोंड घालून रडत होता.

जीप कधी निघून गेली कळलं नाही. बुवाला म्हसळ्याच्या टेम्पोवाल्यांनीच धरून ठेवला. पोलीस आले, असल्या भोंदूगिरीला कायदा आहे तो लावला. चौकशीत कळलं, बुवा आधी ट्रकवर क्लीनर होता. प्राप्तीचं सगळं त्याला आळीतल्या गप्पांतूनच कळलेलं. शेडमध्ये उंदरांनी तारेचं साल कुरतडलेलं. मोटार ढकलताना ती तार पत्र्याजवळ सरकली, पुढं टेकली आणि वर्षश्राद्धाला मोटार बोंबलली. ते बुवानं ओळखलं, शुद्धीच्या आडोशाला तार तोडून चाकामागं आणली. आणि कावळ्याचं म्हणाल तर अंगणात एवढी माणसं खेटून उभी असताना तो काय मरायला येतोय?

मी शाळेत फार गेले नाही. पण डोळे शाळेत मिळत नाहीत, ते आपल्याकडे असतात. कुणी चमत्कार दाखवला तर तो दाखवतो तिकडे बघू नका, त्याचे हात कुठं आहेत ते बघा. समजलं नाही तर 'समजलं नाही' म्हणा. त्यात कमीपणा नाही. न समजलेल्या गोष्टीला भूत म्हणायची घाई करू नका. आणि बायांनो, अजून एक. त्या दिवशी चाकामागं तार सापडली म्हणून प्राप्ती वाचली, असं सगळे म्हणतात. तसं नाही. तार सापडली नसती, मोटार रात्रभर ओरडत राहिली असती, तरी मी तिला त्या जीपमध्ये बसू दिलं नसतं.