कवठाचे कडबू

मैंदर्गीला आमच्या परसात कवठाचं एक झाड होतं, माझ्या आजेसासऱ्यांनी लावलेलं. बाजारातली कवठं आंबट असतात, घशाला धरतात. याचा गर तांबूस आणि लोण्यासारखा मऊ. एक फोडलं की वास थेट सोप्यापर्यंत यायचा. तसं कवठ मी पुन्हा कुठं खाल्लं नाही.

माझ्या सासूबाई चन्नम्मा, आम्ही त्यांना अव्वा म्हणायचो, त्या गरात गूळ घालून, तो कणकेच्या पारीत भरून करंजीसारखे कडबू करायच्या. तळायच्या नाहीत. पितळी पातेल्यात ठेवायच्या, खाली निखारे, झाकणावर निखारे, आणि तिथून हलायच्या नाहीत. मी नवी असताना माझ्या हातचा पहिला कडबू त्यांनी उलटून पाहिला.

"दाक्षायणी, कड करपली की गं! हे कुणी खायचं? ज्यानं करपवलं त्यानं." असं म्हणून कड मोडली आणि माझ्या ताटात टाकली. पुढं दर वर्षी तेच.

दुष्काळात मैंदर्गीची विहीर आटली तेव्हा त्यांना आम्ही सोलापूरला आमच्या दोन खोल्यांत आणलं. त्र्याहत्तरच्या माघात एके सकाळी त्या मोरीत पडल्या. उजवं अंग गेलं, वाचा गेली. दवाखान्यात फोटो काढायचा म्हणून अंगावरचं सगळं काढून द्या म्हणाले. मी बांगड्या, बोरमाळ, गळ्यातलं, सगळं रुमालात बांधलं, घरी येऊन देवळीत देवांच्या मागं ठेवलं आणि तशीच परत धावले. तीन दिवस सलाईन लावून त्यांना घरी पाठवलं.

घरी आल्यावर त्यांनी तोंड उघडलं नाही. पेज, दूध, ताक, काहीही पुढं केलं की मान भिंतीकडं. चमचा दातांवर आपटायचा, दूध हनुवटीवरून उशीत जायचं. डावा हात तेवढा चालत होता, तो सारखा छातीवर आपटायच्या. छातीत दुखतंय म्हणून मी बाम चोळायची. बाम लावला की त्या माझा हात ढकलायच्या आणि पुन्हा तेच.

"अव्वा, एक घोट. माझी आन हाय तुला," असं म्हणत माझे यजमान शिवयोगी पलंगाशी बसून राहायचे. गिरणीची पाळी त्यांनी बुडवली होती.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर येऊन गेले. "गिळायला अडचण दिसत नाही, त्याच घेत नाहीत. असंच चाललं तर तीन-चार दिवस, जास्त नाही."

मला वाटलं, राग माझ्यावर आहे. घर सोडायला मीच लावलं होतं. मी त्यांचे पाय धरले, रडले, शेवटी ओरडलेसुद्धा. "अशा उपाशी मेलात तर लोक मला काय म्हणतील?" हे शब्द तोंडातून गेले आणि माझं मलाच मेल्यासारखं झालं. त्या माझ्याकडं बघत होत्या. डोळ्यांत पाणी होतं आणि हात छातीवर.

"कवठं आणा," मी यजमानांना म्हणाले. "कडबू केले तर खातील."

ते पहिल्या एसटीनं मैंदर्गीला गेले आणि दुपारी चार कवठं घेऊन आले. झाडावर पानसुद्धा उरलं नव्हतं म्हणाले. मी एकेक कवठ फरशीवर टाकलं. कच्चं कवठ चेंडूसारखं उसळतं. तीन उसळली. चौथं पडलं तिथंच राहिलं.

एका कवठात जेमतेम तीन कडबू झाले. शेगडीला कोळसा नव्हता. दिवाळीला आम्ही बायका नानकटाईचे पत्रे कोपऱ्यावरच्या मौलासाबांच्या पावाच्या भट्टीवर न्यायचो, तिकडं पळाले.

"बेटी, भट्टी लई गरम है. पावां निकलने दो, फिर रखते."

"चाचा, थांबायला वेळ न्हाय."

"जल जाएंगे ना!"

"जळू द्या."

त्यांनी माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि पत्रा आत सरकवला.

घरी येऊन मी कडबू ताटलीत घेतला, फुंकर घालून अव्वांच्या पुढं धरला. वास गेला असेल. त्यांचा अर्धा चेहरा हलला. त्यांनी ताटलीकडं बघितलं, ओठ ओले केले. मला वाटलं, आता खातील. मी तुकडा मोडायला गेले तर त्यांनी माझं मनगट धरलं. मग डावा हात ताटलीसमोर आणला आणि तळवा उघडा केला. तळव्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. तळवा मोकळा होता.

मी देवळीकडं पाहिलं.

आम्ही लिंगायत. डाव्या तळव्यावर इष्टलिंग घेऊन, त्याला दाखवल्याशिवाय अव्वांनी जन्मात पाण्याचा घोट घेतला नव्हता. चांदीच्या करडगीतलं, लहानशा डबीतलं, ते लिंग गळ्यातून कधी उतरत नसे. ते मी माझ्या हातानं उतरवून बोरमाळेसंगं रुमालात बांधलं होतं. देवांपाशी ठेवलंय म्हणजे जपलंय असं वाटलं आणि विसरले. माझ्याही गळ्यात लिंग होतं. मी दोन वेळा पूजा करून जेवत होते, त्याच देवळीसमोर बसून.

रुमालाची गाठ सुटेना. यजमानांनी दातांनी सोडली.

अव्वांना पाठीशी उशी देऊन बसवलं. मी विभूती लावली आणि लिंग त्यांच्या तळव्यावर ठेवलं. बोटं मिटली. मग मी कडबू त्यांच्या हातापुढं धरला. त्यांनी डोळे मिटले, उघडले. यजमानांनी लिंग करडगीत घालून त्यांच्या गळ्यात बांधलं.

त्यांनी डाव्या हातानं ताटलीतला कडबू उचलला. उलटून पाहिला. एक कड काळी ठिक्कर पडली होती. ती त्यांनी अंगठ्यानं मोडली आणि माझ्या हातावर ठेवली. मग उरलेला कडबू तोंडाला लावला.

मी ती कड खाल्ली.