सील न फोडलेली बाटली

प्रयोगशाळेत तिला सगळे घड्याळबाई म्हणत. एकवीस वर्षांत आपल्या हातून एक थेंब इकडचा तिकडे झालेला नाही, हे ती इतक्यांदा ऐकवायची की नव्या माणसांना ते आठवड्याभरात पाठ होई. अशी माणसं चुकली की जबर चुकतात, कारण त्यांच्यावर लक्ष ठेवायचं कुणाच्या डोक्यातच येत नाही.

काम मोठं नामी होतं. एचआयव्ही झालेल्या एका बाईच्या रक्तातून विषाणूशी लढणाऱ्या पेशी काढायच्या, त्या वाढवायच्या आणि त्यांच्यात असा बदल करायचा की विषाणूला आत शिरायला दारच उरू नये. मग त्या पुन्हा तिच्या अंगात सोडायच्या आणि काही आठवडे तिच्या गोळ्या बंद करून बघायचं. आजवर पंचाईत हीच होती, की लढायला पाठवलेल्या पेशींनाच विषाणू आधी गाठायचा. ती बाई कोण, हे घड्याळबाईला माहीत नव्हतं. तिला फक्त सात नंबर माहीत होता.

पेशी वाढवायला लागलं की त्यांच्यात झोपलेला विषाणूही जागा होतो. म्हणून त्यांना ज्या लालसर पाण्यात वाढवतात, त्यात विषाणूवरचं औषध घालावंच लागतं. फक्त एक दिवस ते घालायचं नाही. पेशींमध्ये बदल पोचवणारा वाहक त्याच विषाणूचे दात पाडून बनवलेला असतो, आणि औषधाला आपला-परका कळत नाही, ते दोघांनाही अडवतं. तेवढा एक दिवस बिनऔषधाची बाटली, आणि दुसऱ्या सकाळी लगेच औषधाची.

नवव्या दिवशी मोजणी झाली. शंभरातल्या ब्याण्णव पेशी बदललेल्या निघाल्या. आजवर कधी साठाच्या वर गेल्या नव्हत्या. प्रयोगाच्या प्रमुख डॉक्टरीणबाई कागद नाचवत सगळ्या खोल्यांतून फिरल्या. “घड्याळबाई, तुमच्या हाताला यश आहे हो!”

घड्याळबाई फुशारली. मग तिची नजर खालच्या ओळीवर गेली. एकूण पेशी निम्म्याच होत्या. बदललेल्या वाढल्या नव्हत्या, न बदललेल्या मेल्या होत्या. त्यांना कुणी मारलं?

ती फ्रिजपाशी गेली. मागच्या रांगेत पाचव्या दिवसाची औषधाची बाटली उभी होती, सीलसुद्धा फोडलेलं नव्हतं. त्या सकाळी तिने पुढची, आदल्या दिवशीची बिनऔषधाची, अर्धी उरलेली बाटली उचलली होती. तेच झाकण, तोच रंग, चिठ्ठीवर एका ओळीचा फरक. पुढचे दोन दिवस विषाणूला रान मोकळं मिळालं होतं.

पाचव्या दिवसाच्या कागदावर दोन सह्या होत्या. एकीने चिठ्ठी मोठ्याने वाचायची, दुसरीने शेजारी उभं राहून डोळ्यांनी बघायची, असा नियम होता. पण आत जायचं तर अंगभर पांढरा पोशाख चढवण्यात अर्धा तास जातो. म्हणून तिची सोबतीण वर्षानुवर्षं काचेबाहेरूनच मान हलवायची आणि दुपारी सही ठोकायची. घड्याळबाईंचं काय बघायचंय, म्हणायची. आणि घड्याळबाईला ते आवडायचं, हेही सांगायला हवं.

सोबतिणीने बाटली पाहिली आणि दार लोटून घेतलं.

“कुणाला बोललीस?”

“अजून नाही.”

“मग बोलू नकोस. सातव्या दिवसापासून औषध घातलंयस ना? शेवटच्या तपासणीत काही सापडलं तर पेशींची पिशवी आपोआप बाद होईल. नाही सापडलं तर प्रश्नच मिटला.”

“तपासणी एका थेंबाची असते गं. पेशीच्या आत दडून बसलेला त्यात दिसत नाही. आणि त्या बाईच्या गोळ्या बंद होणार आहेत.”

“माझीही सही आहे त्यावर,” सोबतीण म्हणाली. “तू बुडशील ती बुडशील, मलाही घेऊन बुडशील.”

घड्याळबाईला तिची कीव आली आणि रागही आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा आला. तपासणी होईपर्यंत तीन दिवस ती गप्प राहिली. हे तीन दिवस तिने कशासाठी घेतले, हे तिला नंतरही कुणाला धड सांगता आलं नाही. तपासणीत काही सापडलं नाही. पिशवीवर मंजुरीची हिरवी चिठ्ठी लागली, तेव्हा ती बाटली घेऊन डॉक्टरीणबाईंच्या खोलीत गेली.

त्यांनी सगळं ऐकलं. बाटली उचलून तिच्यावरची चिठ्ठी वाचली.

“वाहक संपलाय,” त्या म्हणाल्या. “पुढचा यायला वर्ष लागेल, तोही आला तर. तिला दुसरी संधी मिळेलच असं नाही. कळतंय ना तुम्हाला?”

“कळतंय.”

“तीन दिवस आधी का नाही बोललात?”

“धीर झाला नाही.”

पिशवी बाद झाली. डॉक्टरीणबाईंनी घड्याळबाईला सोबत नेलं. तुमच्या तोंडूनच तिला ऐकू दे, म्हणाल्या.

सात नंबर म्हणजे शिवणकाम करणारी चाळिशीची बाई निघाली. बोटांना टाचण्यांचे बारीक व्रण होते. पेशी कधी सोडणार, हे विचारायलाच ती खुर्चीच्या टोकाला सरकून बसली होती. घड्याळबाईने आडपडदा न ठेवता सांगितलं: बाटली माझ्या हातून चुकली, नीट बघितली नाही, कळल्यावरही तीन दिवस गप्प बसले. आता ती पिशवी तुम्हाला देता येणार नाही.

“नसतं सांगितलं, तर मला कळलं असतं?” बाईने विचारलं.

“नाही.”

“दिसायला सगळं ठीकच होतं?”

“ठीक नाही, उत्तम दिसत होतं.”

बाई हसली, पण ते हसणं बघवेना. “माझा नवरापण उत्तम दिसायचा. लग्नाआधी चार वर्षं त्याला माहीत होतं. बोलला नाही.”

घड्याळबाईला वाटलं, आता ती आपल्याला माफ करणार. त्या आशेची तिला तिथल्या तिथे लाज वाटली.

“बोलला असता,” बाई सावकाश म्हणाली, “तर मी त्याला दारात उभं केलं नसतं. पण वाचले असते.” तिने पायाशी ठेवलेली आपली कापडी पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि तिचा बंद घट्ट धरला. “तुम्ही बोललात, बरं केलंत. आता जा. मला तुमच्याकडे बघवत नाही.”

घड्याळबाई उठली आणि दार हळूच ओढून बाहेर आली.